तो पुरुष कोठे होता?



दर वर्षी प्रायश्चित्तकाळाच्या पाचव्या आठवड्यात ख्रिस्तसभा संत योहानच्या शुभवर्तमानातील आठव्या अध्यायाचा एक प्रसंग आपल्यापुढे ठेवते. पहाटेची वेळ आहे. प्रभू येशू मंदिरात लोकांना शिकवीत बसला आहे. तेवढ्यात शास्त्री आणि परुशी एका स्त्रीला ओढत आणतात आणि सगळ्यांच्या मधोमध उभी करतात. व्यभिचार करताना ती जागीच सापडली आहे, मोशेच्या नियमाप्रमाणे अशीला दगडमार करायचा असतो, तुझे काय म्हणणे आहे, असे ते प्रभूला विचारतात. प्रभू खाली वाकून बोटाने जमिनीवर काही लिहितो. मग उठून एवढेच सांगतो की, तुमच्यापैकी जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड टाकावा. वडीलधाऱ्यांपासून सुरुवात होते आणि एकेक जण काढता पाय घेतो.

हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण एक साधा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. व्यभिचार एकट्याने होत नाही. बाई जागीच सापडली असेल, तर तिच्याबरोबरचा पुरुषही जागीच होता. मग तो कोठे गेला? त्याला कोणी सोडले?

नियमशास्त्राने त्याला सोडलेले नव्हते. लेवीय ग्रंथाचा विसावा अध्याय आणि अनुवाद ग्रंथाचा बाविसावा अध्याय उघडून पाहा. दोन्हीकडे पुरुषालाही तीच शिक्षा सांगितली आहे, जी स्त्रीला. म्हणजे जे नियमशास्त्राचे नाव घेऊन आले होते, त्यांनी ते अर्धेच आणले होते. उरलेला अर्धा भाग त्यांनी वाटेत सोडून दिला होता.

आज आपण या अर्ध्या नियमाविषयी विचार करू या. स्त्रियांच्या लैंगिक स्वातंत्र्याविषयी हल्ली वर्तमानपत्रांत, कॉलेजांत आणि घराघरांत वाद होतात. मुलाला एक नियम आणि मुलीला दुसरा का, असे आपल्या मुली विचारतात. आपल्यात असले बोलत नाहीत, एवढे सांगून त्यांना गप्प करता येते, पण त्यामुळे प्रश्न मिटत नाही. प्रभूने या विषयावर भर मंदिरात, लोकांसमोर बोलणे टाळले नाही. मग आपण तरी का टाळावे?

ख्रिस्तसभेचा तराजू एकच आहे

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८८ साली स्त्रीच्या प्रतिष्ठेविषयी एक प्रेषितीय पत्र लिहिले. त्यात याच प्रसंगावर मनन करताना त्यांनी दाखवून दिले की, स्त्रीला तिच्या पापासह लोकांसमोर एकटी उभी केली जाते, आणि त्या 'तिच्या' पापामागे एक पुरुष दडलेला असतो, जो तितकाच दोषी असूनही कोणाच्या नजरेस पडत नाही.

हा विचार काही नवा नाही. चौथ्या शतकातले संत ग्रेगरी नाझियान्झेन यांनी आपल्या प्रवचनात त्या काळच्या कायद्यावर कडक टीका केली होती. बायको घसरली तर शिक्षा आणि नवरा घसरला तर काही नाही, असा तो कायदा होता. त्याचे कारण त्यांनी स्पष्ट सांगितले: कायदे करणारे पुरुष होते, म्हणून कायदा स्त्रियांच्या विरुद्ध झाला. संत जेरोम यांनीही फॅबिओला या रोमन स्त्रीविषयी लिहिताना म्हटले की, सम्राटाचा कायदा वेगळा आणि ख्रिस्ताचा वेगळा; आमच्यात जे स्त्रियांना वर्ज्य आहे ते पुरुषांनाही वर्ज्यच आहे. संत पौलानेही करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पत्नीच्या शरीरावर पतीचा हक्क सांगितला, तसा त्याच दमात पतीच्या शरीरावर पत्नीचाही हक्क सांगितला आहे. दुसरे वाक्य त्या काळच्या पुरुषांच्या कानांना कसे लागले असेल याची कल्पना करा.

शुद्धतेचे पाचारण स्नानसंस्कार झालेल्या प्रत्येकाला आहे, ज्याच्या त्याच्या जीवनस्थितीप्रमाणे. ते एकट्या मुलींना नाही.

आपल्या पुण्यात काय घडले

हा दुहेरी तराजू कसा चालतो हे पाहायला यरुशलेमेला जायची गरज नाही. नाना पेठेपासून फार लांब नसलेल्या गंज पेठेत, म्हणजे आजच्या महात्मा फुले पेठेत, फुले वाडा आहे. तेथे १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. त्याची गरज का पडली?

जोतीरावांनी १८८४ साली लिहिलेल्या एका टिपणात काशीबाई नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेची हकिकत आहे. ती त्यांच्या एका मित्राकडे स्वयंपाकाला होती. तिला एका शास्त्रीबुवापासून दिवस गेले. लोकलाजेने तिने जन्मलेले मूल मारून विहिरीत टाकले. खटला झाला आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या काळी बालवयात विधवा झालेल्या मुलीला पुन्हा लग्न करण्याची मुभा समाज देत नव्हता. विधुराला मात्र नवी बायको लगेच मिळत असे. घरातला किंवा शेजारचा पुरुष अशा विधवेला नादी लावी, आणि पोट दिसू लागले की तो समाजात ताठ मानेने फिरे व ती विहीर शोधी.

फुले दांपत्याने भिंतींवर जाहीर पत्रके लावली. विधवांनी येथे गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा येथे ठेवावे, असा त्यांचा आशय होता. जोतीरावांच्या टिपणानुसार तोपर्यंत पस्तीस विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या होत्या. तेथे आलेल्या एका विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ साली दत्तक घेतला. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंचे निधन झाले.

बंधू-भगिनींनो, फुले दांपत्य ख्रिस्ती नव्हते. पण ज्या बाईवर सगळे दगड घेऊन उठले होते, तिच्यापुढे ते उभे राहिले. शुभवर्तमानात प्रभू ज्या जागी उभा आहे, तीच ही जागा.

१८८१ साली सुरतेच्या कोर्टात विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अशाच बालहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करण्यात आली. त्यानिमित्ताने वर्तमानपत्रांतून सगळ्याच स्त्रियांच्या चारित्र्यावर चिखलफेक सुरू झाली. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहिले. ते १८८२ साली पुण्यात छापले गेले. त्यांचा रोख सरळ होता: जे दुर्गुण स्त्रियांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत का? हे पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेले होते. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले.

त्याच १८८२ साली पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात धर्मभगिनी चालवीत असलेले एक गृह त्यांनी पाहिले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तेथे प्रेमाने वागवून नवे आयुष्य दिले जात होते. अशा स्त्रियांची कोणी दया करील हे रमाबाईंना ठाऊक नव्हते. तुम्ही हे का करता, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका सिस्टरने त्यांना योहानच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगितली. पाच नवरे झालेल्या त्या बाईला प्रभूने झिडकारले नाही, उलट तिच्याशी विहिरीवर बसून धर्माच्या गोष्टी केल्या. हाच खरा तारणारा, अशी रमाबाईंची खात्री पटली, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या कॅथलिक नव्हत्या, पण शुभवर्तमानाने त्यांना कोठे गाठले ते लक्षात घ्या. पुढे दौंडजवळ केडगावला त्यांनी मुक्तिसदन उभारले आणि वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन काढले.

कायद्यातही अर्धा नियम

हे सारे जुन्या काळचे झाले असे वाटत असेल, तर आपल्या ख्रिस्ती लोकांना लागू असलेला कायदाच पाहू या. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यानुसार पत्नीचा व्यभिचार सिद्ध झाला की तेवढ्यावर पतीला घटस्फोट मागता येई. पत्नीला मात्र पतीचा व्यभिचार पुरत नसे. त्याच्या जोडीला क्रूर छळ, दोन वर्षे टाकून जाणे किंवा असे आणखी काही सिद्ध करावे लागे. १९९५ साली केरळ उच्च न्यायालयाने आणि १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने हा भेद घटनाबाह्य ठरविला. संसदेने २००१ साली कायदाच बदलला. म्हणजे १३० हून अधिक वर्षे हा भेद आपल्या माथी होता. विवाह संस्काराचे बंधन अतूट आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण कायम आहे. पण नवऱ्याचा विश्वासघात बायकोच्या विश्वासघातापेक्षा हलका असतो, असे ख्रिस्तसभेने कधी शिकविलेले नाही.

भारतीय दंडसंहितेचे कलम ४९७ आणखी एक उदाहरण. १८६० च्या या कलमानुसार दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणारा पुरुष गुन्हेगार ठरे. पण त्या बायकोच्या नवऱ्याची संमती असली तर गुन्हाच नसे. व्यभिचारी पुरुषाच्या स्वतःच्या बायकोला तक्रारीचा अधिकार नव्हता. जणू बायको ही नवऱ्याची मालमत्ता, आणि परवानगीशिवाय ती वापरली म्हणून दावा! २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हे कलम रद्द केले. त्या वेळी काहींना वाटले की आता व्यभिचाराला मोकळीक मिळाली. तसे नाही. जे सरकार दरबारी गुन्हा नाही, ते देवाच्या दरबारी पाप असू शकते. सहावी आज्ञा कोणत्याही न्यायालयाने रद्द केलेली नाही, आणि ती नवरा-बायको दोघांनाही सारखीच लागू आहे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९७२ साली आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील एका पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार होती. खटल्यात तिचे आधीचे वागणे तिच्याविरुद्ध वापरले गेले आणि सर्वोच्च न्यायालयातून दोघे पोलीस निर्दोष सुटले. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यांत पुण्याच्या वसुधा धागमवार होत्या. देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. तरीही पीडित स्त्रीच्या चारित्र्यावर कोर्टात बोट ठेवू देणारी पुरावा कायद्यातली तरतूद २००२ सालच्या दुरुस्तीपर्यंत टिकून होती. स्त्रीचे चारित्र्य कसेही असो, तिच्यावर अत्याचार करण्याचा परवाना त्यातून कोणालाही मिळत नाही.

मग स्वातंत्र्य म्हणजे काय?

आता आजच्या वादाकडे येऊ. काही जण म्हणतात, पुरुष हवे तसे वागतात, मग स्त्रियांनीही वागावे, आणि त्याबद्दल त्यांना कोणी नावे ठेवू नयेत. आपल्या मराठीत र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून स्त्रीच्या कामसुखाच्या हक्काची बाजू मांडली आणि त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्याही चढल्या. दुसरीकडे स्त्रीवादी विचारवंतांतच काही जणी विचारतात की, या मोकळेपणाचा फायदा शेवटी कोणाला झाला? जबाबदारी न घेता सुख हवे असणाऱ्या पुरुषाला तर नाही ना? गर्भ राहिला तर भोगायचे कोणी? हा वाद पाश्चात्त्य देशांतील स्त्री चळवळीतही गेली पन्नासएक वर्षे चालला आहे.

ख्रिस्ती माणूस या वादात काय म्हणेल? पहिले म्हणणे तो सगळे स्वीकारू शकत नाही. शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, आणि शरीराचे दान हे आयुष्यभराच्या वचनाबरोबर जाते, असे आपण मानतो. पुरुषांनी आजवर जी बेबंदी केली, तिच्यात स्त्रियांना वाटेकरी करून समता येणार नाही. दोघेही चिखलात उतरले म्हणून चिखलाचे गंगाजल होत नाही.

पण त्या तक्रारीतले खरे आहे ते आपण मानलेच पाहिजे. शुद्धतेचा उपदेश फक्त मुलींना होत असेल, तर तो शुद्धतेचा उपदेश राहत नाही. ती नुसती राखण होते. मग मुली म्हणणारच की धर्म हे आम्हाला बांधून ठेवण्याचे साधन आहे. त्यांना खोटे ठरवायचे असेल तर वाद घालून उपयोग नाही. तराजू सरळ करावा लागेल.

आपल्या घरांत

नगर, श्रीरामपूर, संगमनेरकडून पुण्यात आलेली आपली कितीतरी कुटुंबे आहेत. मुली शिकतात, हॉस्पिटलांत, कंपन्यांत, कॉल सेंटरांत काम करतात. मुलगी नऊ वाजता घरी आली तर दहा प्रश्न, आणि मुलगा मध्यरात्री आला तर गरम जेवण, असे कितीतरी घरांत चालते. स्थळ पाहताना मुलीची चौकशी तिच्या कॉलेजापर्यंत, गल्लीपर्यंत होते. मुलाच्या बाबतीत पगार विचारतात आणि थांबतात. त्याचे पूर्वीचे काही कळलेच तर 'लग्न झाले की सुधारेल' असे म्हणतात. ज्याला सुधारायचे आहे तो कोणाच्या तरी लेकीच्या गळ्यात का बांधायचा?

एखादी मुलगी लग्नाआधी गरोदर राहिली तर काय होते तेही आपल्याला ठाऊक आहे. तिची मिस्सा सुटते, जपमाळेच्या प्रार्थनेला ती येईनाशी होते, आई मान खाली घालून बाजारात जाते. तो मुलगा मात्र गायनमंडळात पूर्वीसारखाच गात असतो. अशा वेळी घाबरलेल्या घरात गर्भपाताचा विचार येतो. बाळाचा जीव वाचवा असे आपण सांगतो, ते योग्यच आहे. पण जिभेचे दगड हातात ठेवून ते सांगता येत नाही. त्या मुलीला सुखरूप बाळंत होता येईल असे घर आपण तिला देणार आहोत का? १८६३ साली या शहरात दोघांनी ते दिले होते. आपल्या काळात १९९७ सालापासून सिस्टर लुसी कुरियन यांची 'माहेर' ही संस्था पुण्याजवळ वढू बुद्रुक येथे निराधार स्त्रियांना आसरा देत आहे. पण प्रत्येक मुलीला आपले स्वतःचे घर सोडून आसरा शोधायला लागू नये.

संत योसेफकडे पाहा. मरिया गरोदर असल्याचे कळले तेव्हा त्याला खरे कारण माहीत नव्हते. नियम त्याच्या बाजूचा होता. चारचौघांत तिची बेअब्रू करणे त्याला सहज शक्य होते. देवदूत स्वप्नात येण्याच्या आधीच त्याने ठरविले होते की तिला जगापुढे लाजवायचे नाही. मत्तय त्याला याच ठिकाणी नीतिमान म्हणतो. आपल्या मुलांना पुरुषार्थ शिकवायचा असेल तर योसेफचा शिकवावा.

तेव्हा या आठवड्यात घरी बसून काही गोष्टी करू या. मुलगा आणि मुलगी दोघांसाठी एकच नियम ठरवू या, आणि तो दोघांसमोर सांगू या. सुरक्षिततेसाठी काळजी घ्यायची असेल तर काळजी म्हणून सांगू या, तिला चारित्र्याचे नाव देऊ नये. शुद्धतेविषयी वडिलांनी मुलाशी बोलावे. हे काम फक्त आईने मुलीशी करायचे नसते. मोबाइलवर स्त्रियांचे शरीर विकाऊ मालासारखे पाहणे हेही पापच आहे, हे मुलाला स्पष्ट सांगावे. कोणाच्या लेकीविषयी कुजबुज कानावर आली तर विचारावे: तो पुरुष कोठे आहे? हा प्रश्न विचारला की पुष्कळ कुजबुज आपोआप थांबते. आणि पापनिवेदनाला जाताना पुरुषांनी सहाव्या आज्ञेपाशी घाईने पुढे जाऊ नये.

शेवटी मंदिरातल्या त्या अंगणात परत पाहू. सगळे गेल्यावर प्रभू आणि ती स्त्री दोघेच उरतात. मीही तुला दोषी ठरवीत नाही, असे तो तिला सांगतो, आणि यापुढे पाप करू नको असेही सांगतो. पाप हे पापच आहे, हे तो झाकत नाही. पण पाप्याला ठेचायला तो कोणाच्या हाती दगड देत नाही. जे निघून गेले त्यांचे मात्र नुकसान झाले. ते थांबले असते तर तेच शब्द त्यांनाही ऐकायला मिळाले असते. आणि जो पुरुष तेथे आलाच नाही, त्याला क्षमाही मिळाली नाही. लपून राहणाऱ्याची सुटका होते असे आपल्याला वाटते, पण सुटली ती स्त्री.

प्रार्थना करू या: हे प्रभू येशू, तू स्त्री आणि पुरुष दोघांनाही आपल्या प्रतिमेचे केलेस. आमच्या घरांतला खोटा तराजू मोडून टाक. आमच्या मुलांना आणि मुलींना एकाच शुद्धतेने आणि एकाच सन्मानाने वाढविण्याचे बळ दे. जिला आम्ही एकटी उभी केले असेल, तिच्या बाजूला येऊन उभे राहण्याची कृपा आम्हाला दे. आमेन.